भिकाच्या तीन हाका

आमच्या गावात भिकाला सगळे ‘सूर्यवंशी’ म्हणतात. ऊन तोंडावर आल्याशिवाय जो अंथरूण सोडत नाही, त्याला आपल्याकडे हे नाव चिकटतं. खरं सांगायचं तर अख्ख्या पाचोरा तालुक्यात भिकाइतका लवकर उठणारा माणूस मी पाहिलेला नाही. हे नाव त्याला माझ्यामुळे पडलं. पुढे जे लिहितोय ते मला भाईदासला सांगायचं होतं, बसस्टँडवर, चार माणसांत. भाईदास म्हणजे माझा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. ते जमलं नाही, म्हणून आता कागद काळे करतोय.

भिका माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला ‘भिका’ म्हणायचो आणि तो मला ‘नाना’. माझं नाव रुपचंद. नाना म्हणवून घेण्याइतका मी ना वयाने मोठा होतो, ना अकलेने. पण मळा माझा होता, ट्रॅक्टर माझा होता, तेव्हा नानाही मीच.

ट्रॅक्टर आम्ही पंच्याऐंशी साली घेतला. पेढे वाटले, मायने बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, आणि मग लक्षात आलं की हे धूड चालवणार कोण? तेव्हा भिकाचं नाव निघालं. तो गिरणेच्या कालव्यांच्या कामावर आठ वर्षं बुलडोझरवर होता. आधी खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, मग ऑपरेटर. काम संपल्यावर गावी परत आला होता आणि बौद्धवाड्यात त्याने दोन खोल्या बांधल्या होत्या. मी निरोप धाडला. तो आला, ट्रॅक्टरभोवती दोन चकरा मारल्या, कान लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाला, “चांगलं शे. पन हिवाळामा जपनं पडी.”

मला हसू आलं. वैशाखात कोणी हिवाळ्याचं बोलतं का?

त्याचा उस्ताद हिमाचलाकडचा एक पहाडी माणूस होता. त्याच्या मुलखात चार-चार महिने बर्फ. रात्री रेडिएटरमध्ये पाणी राहिलं तर त्याचं बर्फ होऊन इंजिन तडकायचं, डिझेल घट्ट व्हायचं, म्हणून ते लोक हिवाळ्याच्या आधीच यंत्राची सगळी बडदास्त ठेवायचे. भिकाने ते सगळं शिकून घेतलं आणि खान्देशात आणलं. दिवाळीचे दिवे विझले की त्याची तयारी सुरू. ऑइल बदलून पातळ भरायचं. संध्याकाळी काम संपलं की तोटी उघडून रेडिएटर रिकामा करायचा. बॅटरी काढून आमच्या गोठ्यात न्यायची आणि म्हशीच्या उबेला ठेवायची. त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, ट्रॅक्टरसाठी पोत्यांची एक गोधडी शिवली होती, चांगली दुहेरी, काठाला लाल चिंधी लावून. रात्री ती इंजिनवर घालायची. लोक टिंगल करायचे, “काय भिका, औंदा बरफ पडनार शे का?” तो गोधडीची दोरी आवळत म्हणायचा, “इंजिनले काय माहीत, ते खान्देशमा शे का काश्मीरमा शे!”

पण त्याची ही तऱ्हा उगाच नव्हती. आमची केळी. केळीला थंडी सोसत नाही. पौषात एखादा आठवडा असा येतो की पहाटे बोटं वाकत नाहीत. तेव्हा पहाटेच्या दोन तासांत बागेला विहिरीचं पाणी द्यावं लागतं, कारण ते कोमट असतं, आणि बांधावर धूर करावा लागतो, म्हणजे गारठा झाडावर बसत नाही. भिका त्यासाठी महिनाभर आधी ट्रॉलीने पऱ्हाट्या, उसाचं पाचट, ओला भुसा ओढून आणायचा आणि उत्तरेच्या बांधावर दर वीस पावलांना एक ढीग रचायचा. वीज गेली तर पाण्याचं काय, म्हणून ट्रॅक्टर विहिरीपाशी आणून त्याच्यावरून पंपाला पट्टा चढवून ठेवायचा. म्हणजे सगळं येऊन थांबायचं एकाच गोष्टीवर: पहाटे ट्रॅक्टर सुरू झाला पाहिजे. आणि गारठ्यात तो सुरू व्हायला रेडिएटरमध्ये दोन बादल्या कढत पाणी लागायचं.

कढत पाणी आमच्या बंबात असायचं. आम्ही मळ्यातच राहायचो. मागच्या अंगणात न्हाणीजवळ तांब्याचा मोठा बंब होता. माय रात्री त्याच्यात ओंडका घालून ठेवायची, पहाटेपर्यंत निखारा धरायचा. चार वाजता भिका गावातून चालत यायचा, मागच्या दाराशी उभा राहून हाक मारायचा. माझी बायको इंदिरा उठायची, आमच्या बादलीत पाणी काढायची आणि ती उंच धरून भिकाच्या पत्र्याच्या बादलीत ओतायची. बादलीला बादली लागू द्यायची नाही. का ते सांगायला नको. वाचणाऱ्याला माहीत आहे.

भिकाने चालवलेला ट्रॅक्टर आम्हाला चालायचा. त्याने नांगरलेली जमीन चालायची, त्याच्या हातचे घड चालायचे. दसऱ्याला तो ट्रॅक्टर धुऊन पुसून लख्ख करायचा, मग माय पूजा करायची. फक्त बंबाच्या तोटीला त्याचा हात लागलेला चालत नव्हता. मी जळगावला बी.ए. झालो. कॉलेजात समतेवर भाषण करून मी एक कप मिळवला होता. तो कप आमच्या बैठकीत फळीवर होता. त्यात इंदिरा सुया ठेवायची.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात एकदा इंदिराला ताप होता आणि मी उठायला वेळ लावला. भिकाने दोन मिनिटं वाट पाहिली आणि स्वतःच तोटी सोडून बादल्या भरून नेल्या. ट्रॅक्टर सुरू झाला, पाणी बागेत गेलं, सगळं ठीक. उजाडल्यावर तो रिकाम्या बादल्या घेऊन परत आला तेव्हा मायला कळलं.

माय ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने बंबातलं सगळं पाणी सोडून दिलं, निखारे काढले, चिंच आणि राख घेऊन बंब घासायला बसली. भिकाच्या समोर. तो बादल्या घेऊन उभा. मी कडुलिंबाची काडी चावत उभा. मायने शेवटी गोमूत्र शिंपडलं. मग मी काडी थुंकली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणालो, “भिका, यापुढे हाक मारत जा. कोणी दिल्याशिवाय हात नको लावू.”

मला तेव्हा वाटलं, मी किती शहाणपणाने मिटवलं! मायचंही राहिलं, भिकाशीही भांडण नाही. भिका “बरं नाना” म्हणाला. त्या दिवसापासून तो पावलापुरताही बंबाजवळ गेला नाही. इंदिरा पाणी ओतायची तेव्हासुद्धा तो अंगणाच्या फरशीवरून खाली उतरून मातीत उभा राहायचा.

पुढच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीच्या पौषात, थंडी आली ती दात वाजवत. संक्रांत तोंडावर. इंदिरा नशिराबादला माहेरी गेलेली. घरात मी आणि माय, आणि मायला तर भर दिवसाही दोनदा सांगावं लागायचं. बाग नुकती निसवायला लागलेली, म्हणजे केळीच्या पोटातून घड बाहेर पडायच्या बेतात. साडेतीन हजार झाडं, वर्षभराची आमची सगळी आशा. संध्याकाळपासून वीज गेलेली. भिका जाताना मला म्हणाला, “नाना, आजनी रात भारी जाई. मी चारले येस. पानीनं तेवढं देखज्या.” मी म्हणालो, “तू ये तर खरा.” बंब मी स्वतः भरला, ओंडका घातला.

तो चारला आला.

मला हाक ऐकू आली. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. पहिली हाक ऐकू आली तेव्हा मी जागाच होतो. “नाना, ओ नाना!” गोधडीत ऊब होती. मी म्हटलं, माय उठेल. मायला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी म्हटलं, माय उठेल. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. मी कूस बदलली. म्हटलं, हा उठतोच आता. तिसरी हाक आली तेव्हा भिकाने नुसतं “नाना” म्हटलं नाही, म्हणाला, “नाना, पानी पाहिजे व्हतं!” मी एक पाय गोधडीबाहेर काढला. फरशी बर्फासारखी गार लागली. पाय आत घेतला. एवढंच. कोणाशी वैर नव्हतं, मनात काही काळंबेरं नव्हतं. मला थंडी वाजत होती म्हणून मी उठलो नाही, आणि मग मला झोप लागली.

भिकाने पुढे काय केलं ते नंतर मी खुणांवरून जुळवलं. हाकांच्या मधल्या वेळात त्याने उत्तरेचे ढीग पेटवले. मग पोहऱ्याने विहिरीचं पाणी काढून रेडिएटरमध्ये भरलं. ते कोमट होतं, पण ताठलेल्या इंजिनाला पुरलं नाही. स्टार्टर नुसता घरघरला. मग त्याने विहिरीवर तीन दगडांची चूल मांडली, दवाने भिजलेल्या गोवऱ्या कशाबशा पेटवल्या आणि डिझेलच्या रिकाम्या डब्यात पाणी तापवत बसला. एकेक डबा. पन्नास पावलांवर आमचा बंब भरलेला होता, त्याच्यातून वाफ निघत होती, आणि त्याला ती तिथून दिसतही असणार.

ट्रॅक्टरच्या आवाजाने मला जाग आली तेव्हा सूर्य वर आलेला. मी शाल गुंडाळून धावत विहिरीवर गेलो. भाईदास बांध ओलांडून आलेला होता. त्याचं तेलाचं इंजिन, ते साडेचारपासून चालू होतं. तो म्हणाला, “नाना, तुमना ट्रॅक्टर आते सुरू व्हयना?”

मी काय म्हणायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी म्हणालो, “काय करू! आमचा ड्रायव्हर आता उगवला.”

भाईदास हसला. “सूर्यवंशी दिखस मंग!”

भिकाचे डोळे धुराने लाल झाले होते. हातावर काजळी, बोटं भाजलेली. तो पट्ट्यावरून नजर न काढता म्हणाला, “मी चारले उनू, नाना. तीन येळा हाक मारी.”

“आम्हाला नाही ऐकू आली,” मी म्हणालो.

एव्हाना माय आली होती. तिला मी ओरडून विचारलं, भिकाने हाक मारलेली ऐकलीस का. ती बिचारी खरं तेच बोलली, “नही बा, माले काही ऐकू उनं नही.” झालं. भिकाच्या एका शब्दापुढे आमचे दोन. आता तिथे थांबावं की नाही माणसाने? पण खोटं बोलणाऱ्याला खोट्याच्या वर रागाचं झाकण लागतं. मी आणखी चढलो. “आणि समजा नसेल ऐकली, तर बंब समोर होता ना? आग लागली असती तरी हाका मारत बसला असतास? हात तुटी गयतात का तुना?”

तेव्हा भिकाने मान वर केली. आवाज चढवला नाही. “तुम्हीनच सांगेल व्हतं, नाना. कोनी दिधाशिवाय हात लावानं नही.”

माय वळली आणि घराकडे चालू लागली. भाईदास बांधावरचं गवत बघत राहिला. पट्टा घसरत होता. भिका तो सरळ करायला वाकला.

आठवड्याभरात पानं करपली. पण खरा मार घडांना बसला. निसवायच्या वेळी थंडी लागली की घड बाहेर येत नाही, झाडाच्या गळ्यातच अडकतो. साडेतीन हजारांतली निम्म्याहून जास्त झाडं तशी अडकली. वाचल्या त्या फक्त उत्तरेच्या बांधाकडच्या आठ-दहा ओळी, जिथे भिकाने धूर केला होता. जिथवर त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती, तिथवर त्याने बाग वाचवली होती. बाग गेली, पुढच्या वर्षी दुसरी लावली. तेवढ्यावर कोणी मेलं नाही.

भिकाचं नाव मात्र गेलं. भाईदासने ती गोष्ट गावात नेली, आणि गाव असं असतं, की दोन गोष्टींतली हसण्यासारखी तेवढी उचलतं. बंबाचं सगळ्यांना कळलं. त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही, कारण प्रत्येकाच्या मागच्या अंगणात एकेक बंब होता. ‘भिका झोपला आणि नानाची केळी गेली’ हे मात्र पारावर, गिरणीत, बसमध्ये. आधी पेरणीच्या दिवसांत लोक त्याला महिनाभर आधी सांगून ठेवायचे, कारण भिका पहाटे म्हणाला की पहाटेच. आता ते म्हणू लागले, “नको रे बा, तो सूर्यवंशी.” बारा वर्षं यंत्राशेजारी जागून कमावलेली एकच गोष्ट होती त्याच्याकडे, वेळ. ती मी एका वाक्यात घालवली. एक वाक्य बोलून परतही करता आली असती. मी उद्या, उद्या करत राहिलो.

उन्हाळा लागेपर्यंत त्याने काम केलं. मग एके दिवशी ट्रॅक्टर धुतला, किल्ली मायसमोर ओट्यावर ठेवली आणि पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला लागला. पोत्यांची गोधडी ठेवून गेला. पुढच्या पौषात नवा ड्रायव्हर सहाच्या आत काही यायचा नाही, तेव्हा मीच पहाटे उठायचो, बंबातून पाणी काढून रेडिएटरमध्ये ओतायचो. बादली नेताना अंगणाच्या फरशीखाली मातीत पाय पडला की तळव्याला जो गारठा चावायचा, तो भिकाने दोन हिवाळे उभ्याने सोसला होता. हे मला स्वतःच्या पायाला लागल्यावर कळलं. बी.ए. झालो होतो म्हणे!

सहा-सात वर्षं गेली. माय वारली. पंच्याण्णवच्या डिसेंबरात ट्रॅक्टरचा एक पार्ट आणायला मी पहिल्या बसने पाचोऱ्याला गेलो. दुकानं नऊशिवाय उघडत नाहीत हे विसरलो होतो. स्टँडवर कुडकुडत उभा होतो, तर पाठीमागून आवाज आला, “नाना?” भिका. केस पांढरे झालेले, गळ्याला मफलर, रात्रपाळी करून घरी निघालेला. म्हणाला, “थंडीमा काय उभा ऱ्हायनात, चला घर.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण काय सांगून नाही म्हणणार होतो? गेलो.

पत्र्याचं नीटनेटकं घर. सुंदरबाईने चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाली, “नाना, तोंड धुई ल्या, गरम पानी शे.” ओसरीच्या कोपऱ्यात बंब होता. लख्ख घासलेला, तांब्याचा, आमच्यापेक्षा लहान. शेजारी तांब्या. मी त्या बंबासमोर जाऊन उभा राहिलो. का कोण जाणे, तोटीला हात लावता येईना. कोणीतरी येऊन पाणी ओतून देईल म्हणून मी दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो.

भिका उंबऱ्यात बसून बूट काढत होता. त्याने पाहिलं आणि सहज म्हणाला, “भरी ल्या ना, नाना. अठे हाक माराना नेम नही.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी परतवला असता. मी तोटी सोडली, तोंड धुतलं, आणि बराच वेळ धूत राहिलो. मग टॉवेल हातात घेऊन त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, “भिकाभाऊ, त्या दिवशी...” भाऊ हा शब्द मी त्याला पहिल्यांदाच लावला होता. तोंडात कोणा दुसऱ्याचे दात बसवल्यासारखा वाटला. “त्या दिवशी तुझी हाक...”

“माहीत शे,” भिका म्हणाला. दुसरा बूट काढून त्याने दोन्ही बूट भिंतीशी जोडून ठेवले. “तिसरी हाक मारी, तवय तुमनी खाट वाजनी.”

चहा आला. मी बशी खाली ठेवली. म्हणजे त्याला माहीत होतं. विहिरीवर, भाईदाससमोर, मी ‘ऐकू आली नाही’ म्हणालो तेव्हाही माहीत होतं. आणि त्याने पट्टा सरळ केला होता.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलंही नाही.

भिकाने चहा संपवला. “माले सांगीसन काय व्हई, नाना? माले तं माहीतच शे. जेस्ले माहीत नही, तेस्ले सांगा.”

नऊ वाजता मी पार्ट घेतला आणि परतीच्या बसमध्ये बसलो. वाटभर मी ते वाक्य घोकलं. एकच तर होतं: भिका वेळेवर आला होता, मीच उठलो नाही. गावच्या स्टँडवर उतरलो तर भाईदास बाकावर बसलेला, बरोबर आणखी तिघे-चौघे, विड्या ओढत. देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं.

“नाना, पाचोराले गयतात का?” भाईदास म्हणाला. “आपला सूर्यवंशी भेटना का मंग तठे?”

सगळे हसले.

“भेटला,” मी म्हणालो, आणि पार्टची पिशवी उचलून घरी आलो.